फुटबॉलमुळे ऊन कमी होईल का?

फुटबॉलची जागतिक संघटना असलेल्या फिफाने 2026 च्या विश्वचषकासाठी एक नियम केला. प्रत्येक सामन्यात, दोन्ही हाफमध्ये, साधारण बाविसाव्या मिनिटाला खेळ थांबवायचा आणि तीन मिनिटं सगळ्यांनी पाणी प्यायचं. ऊन असो वा नसो, मैदानावर छत असो वा नसो. ही बातमी आमच्याकडच्या पोरांनी मोबाइलवर वाचली तेव्हा त्यातला एक पटकन म्हणाला, "याच्यात नवीन काय हाय? आपले सर त दर दहा मिन्टाले थांबवतेत."

पोरगं खरंच बोललं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रम्हपुरी, अकोला इथे पारा 45 च्या वर गेला तर आता कोणी मान वळवूनही पाहत नाही. नवतपा तर कॅलेंडरमध्येच छापलेला असतो. नवीन एवढंच आहे की जगातला सगळ्यात श्रीमंत खेळही उन्हापुढे घड्याळ थांबवायला लागला आहे. त्याच्या जोडीने "फुटबॉल हवामान बदलाशी लढणार" अशा घोषणाही यायला लागल्या आहेत. त्यातलं खरं किती, दिखाऊ किती, आणि जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या काळ्या मातीच्या मैदानाशी त्याचा काय संबंध, हे जरा उलगडून पाहू.

आधी मुळाचं थोडक्यात. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि तिथेच साठून उष्णता अडवतो. 1850 ते 1900 या काळाच्या सरासरीशी तुलना केली तर 2024 हे वर्ष जगभरात दीड अंशाहून जास्त गरम ठरलं. दीड अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते, आणि मग पाऊस सगळा मोसम झिमझिम पडण्याऐवजी दोन दिवसांत कोसळून मोकळा होतो. जुलै 2022 च्या पुरात वर्धा नदीकाठच्या गावांनी हे पाहिलं आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2015 च्या डेस्मंड वादळात कार्लाइल युनायटेड या क्लबचं मैदान असंच पाण्याखाली गेलं आणि कित्येक आठवडे त्यांना आपले घरचे सामने दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळावे लागले.

आपल्याकडे मैदान बुडायलाच पाहिजे असंही नाही. काळ्या मातीवर एक जोराचा पाऊस झाला की पुढचे कित्येक दिवस खेळ बंद. बुटाला चिखलाचे असे लोंदे चिकटतात की पाय उचलायलाच जीव जातो. एप्रिल-मेमध्ये त्याच मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वळताना घोटा मुरगळतो. खेळण्यासारखे दिवस दोन्ही बाजूंनी कमी होत चालले आहेत.

घाम येणं आणि घाम वाळणं

ऊन किती धोक्याचं, हे नुसत्या पाऱ्यावर ठरत नाही. विदर्भातल्या माणसाला हे समजवायला डेझर्ट कूलर पुरे. मेच्या कोरड्या हवेत कूलर खोली गार करतो, कारण खसच्या ताट्यांतलं पाणी भराभर वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. जूनमध्ये एक पाऊस पडला की तोच कूलर चिकट, दमट हवा फेकतो. आपल्या अंगाचंही तसंच. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर घाम नुसताच निथळतो आणि आतली उष्णता आतच राहते.

म्हणून खेळाच्या जगात 'वेट बल्ब ग्लोब' नावाचं मोजमाप वापरतात. त्यात तीन थर्मामीटर असतात. एकाला ओलं फडकं गुंडाळलेलं, एक काळ्या गोळ्यात बसवलेला आणि एक साधा सावलीतला. शेवटच्या आकड्यात ओल्या फडक्याच्या थर्मामीटरला 70 टक्के वजन, काळ्या गोळ्याला म्हणजे थेट उन्हाच्या तापाला 20 टक्के, आणि आपण रोज टीव्हीवर ऐकतो त्या साध्या तापमानाला फक्त 10 टक्के. हा आकडा 32 वर गेला की सामन्यात थंड होण्यासाठी विश्रांती द्यायची, असा फिफाचा आधीचा दंडक होता. 2014 मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथे नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या सामन्यात अशी विश्रांती दिली गेली होती. खेळाडूंच्या जागतिक संघटनेचं म्हणणं आहे की 32 ही मर्यादा फार वर ठेवली आहे, त्याच्या कितीतरी आधी थांबायला हवं. मला त्यांचंच पटतं. कारण हे आकडे डॉक्टर आणि बर्फाच्या पेट्या सोबत असलेल्या कमावत्या खेळाडूंसाठी आहेत, सकाळी चहा-टोस्ट खाऊन आलेल्या सातवीतल्या पोरासाठी नाहीत.

यातून आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी एक गोष्ट घ्यावी. मेच्या 44 अंशांना आपण घाबरतो आणि ते बरंच आहे. पण जूनमध्ये पाऊस पडून दोन दिवस उघडीप मिळाली, पारा 36-37 वर असला, की "आता काय, थंड झालं" म्हणून आपण दुपारी चारला पोरं मैदानावर उतरवतो. त्या दमट उकाड्यात शरीरावर पडणारा ताण मेच्या कोरड्या उन्हाइतकाच असू शकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरचा उकाडाही याच जातीचा, आणि शालेय स्पर्धा तर पावसाळ्यातच सुरू होतात.

आमच्या भागातल्या एका सरांची पद्धत मला फार आवडते. सराव संपला की ते पोरांना लघवीचा रंग विचारतात. पहिले काही दिवस सगळे फिदीफिदी हसले. आता कोणीतरी आपणहून सांगतं, "सर, माही गडद पिवयी होती." त्याला उद्या सुट्टी, आणि आज घरी जायच्या आधी दोन गिलास पाणी. बाजूला माठ ठेवलेला असतो आणि एका बाटलीत घरी केलेली जलसंजीवनी: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे. पोरगं गरगरायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर सावलीत आडवं करायचं, कपडे ओले करून वारा घालायचा आणि 108 ला फोन लावायचा. आधी ओलं करायचं, मग फोन. हा क्रम त्यांनी पोरांकडून पाठ करून घेतला आहे.

फुटबॉलचा स्वतःचा धूर

आता नाण्याची दुसरी बाजू. उन्हाचा मार खाणारा फुटबॉल स्वतः किती धूर सोडतो?

2022 चा कतारचा विश्वचषक घ्या. फिफाच्याच अंदाजाने त्या स्पर्धेमुळे सुमारे 36 लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जाणार होते. 36 लाख टन म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे आणायला आपल्याला लांब जायची गरज नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात 500 मेगावॅटचे पाच आणि 210 मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यातला 500 मेगावॅटचा एकच संच वर्षभर चांगला चालला तर, ढोबळ हिशोबाने, जवळपास तेवढाच वायू सोडतो. म्हणजे एका महिन्याचा खेळ आणि त्याची सगळी तयारी मिळून एका संचाचं वर्ष. याचा अर्थ दोन्हीकडून लावता येतो. "एका स्पर्धेसाठी एवढं?" असंही म्हणता येतं. आणि "मग आपल्या उशालाच पाच संच जळताहेत, त्याचं काय?" असंही.

कतारच्या त्या 36 लाखांतला निम्म्याहून जास्त वाटा प्रवासाचा होता. मोठ्या फुटबॉलचं हे कायमचं दुखणं. मैदानावरचे दिवे, गवत कापायचं यंत्र, खेळाडूंचे कपडे यांचा धूर त्यामानाने किरकोळ. खरा धूर असतो तो विमानांनी आणि गाड्यांनी येणाऱ्या प्रेक्षकांचा. संघही काही मागे नाहीत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या 100 सामन्यांसाठी संघांनी 81 वेळा देशातल्या देशात विमान वापरल्याचं बीबीसीने 2023 मध्ये दाखवून दिलं होतं. आणि तो देश केवढा, तर आपल्या महाराष्ट्राहून आकाराने लहान.

तरीही कतारची स्पर्धा 'कार्बन न्यूट्रल' असेल असं फिफाने आधी जाहीर करून टाकलं होतं. ते कसं? जेवढा धूर सोडला तेवढी भरपाई दुसरीकडे करायची, म्हणजे कुठे झाडं लावायला, कुठे पवनचक्कीला पैसे द्यायचे, आणि हिशोब शून्यावर आणायचा. या भरपाईत मोठी मेख आहे. ती पवनचक्की तुमच्या पैशांशिवायही उभी राहणारच होती का? ते झाड दहा वर्षांनी उभं असेल का? हे कोणी तपासलं नाही तर शून्य फक्त कागदावर. जून 2023 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाने फिफाचा हा दावा खोटा आणि दिशाभूल करणारा ठरवला. झाड आणि कागद यांचं नातं आपल्याला काही शिकवायला नको. खड्डा तोच, झाड दरवर्षी नवं, हा विनोद आपल्याकडे गावोगाव चालतो.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2018 मध्ये पोलंडच्या कातोवित्से इथल्या हवामान परिषदेत खेळांसाठी एक आराखडा आणला. 2030 पर्यंत धूर निम्मा, 2040 पर्यंत निव्वळ शून्य, असं त्यात पुढे ठरलं. फिफाची त्यावर सही आहे. आणि त्याच फिफाने 2024 मध्ये सौदी अरेबियाच्या आरामको या तेल कंपनीशी प्रायोजकत्वाचा करार केला. त्यावर ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराहून जास्त व्यावसायिक महिला खेळाडूंनी फिफाला खुलं पत्र लिहून करार मोडायला सांगितलं. करार मोडला नाही. पण चालू कारकिर्दीत, आपल्याच खेळाच्या मालकांना असं उघड सुनावणं सोपं नसतं. घोषणांच्या ढिगाऱ्यात मला ते पत्र जास्त वजनदार वाटतं.

मग फुटबॉलच्या हातात आहे तरी काय

धूर कमी करण्याचं मोठं काम वीज केंद्रांचं, कारखान्यांचं, सरकारांचं आहे. फुटबॉल बंद केला तरी पारा उतरणार नाही. भारतात माणसामागे वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, आणि आपल्या खेड्यातल्या माणसाचा वाटा तर देशाच्या सरासरीहूनही कमी. तेव्हा सायकलवर सरावाला येणाऱ्या पोराला "पृथ्वी वाचव" म्हणून उपदेश करणं मला तरी बरं दिसत नाही.

फुटबॉलची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. माणूस जे तज्ज्ञाचं ऐकत नाही, ते आपल्या संघाचं ऐकतो.

इंग्लंडमध्ये नेल्सवर्थ नावाच्या एका छोट्या गावात फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स हा क्लब आहे. त्यांच्या मैदानावर रासायनिक खत नाही, पावसाचं पाणी साठवून गवताला देतात, काही वीज सौर पॅनेलची, आणि 2015 पासून क्लबमध्ये मिळणारं सगळं खाणं पूर्ण शाकाहारी, दूधसुद्धा नाही. मटण-पावाच्या देशात फुटबॉलच्या प्रेक्षकांना हे पचवणं म्हणजे सावजी खाणाऱ्याला महिनाभर दुधीभोपळा देण्यासारखं. तरी लोक येत राहिले, आणि नेल्सवर्थचं नाव जगभर झालं. मैदानावर मात्र हा क्लब 2024 मध्ये घसरून पाचव्या स्तरावर गेला. सेंद्रिय गवत गोल मारून देत नाही.

जर्मनीत 2024 च्या युरो या युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत सामन्याचं तिकीट असलेल्याला 36 तास स्थानिक रेल्वे आणि बस फुकट होती. स्पर्धा आधीच बांधलेल्या स्टेडियममध्ये झाली. ही मला सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते, कारण ती मुळावर, म्हणजे प्रवासावर घाव घालते. "गाडी घरी ठेवा" असा फलक लावला नाही, गाडी घरी ठेवणं स्वस्त करून टाकलं. डब्लिनच्या बोहेमियन्स क्लबची मालकी त्याच्या सभासदांकडे आहे. त्यांनी 2021 मध्ये हवामानाच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र अधिकारीच नेमला. आणि ब्रिटनमध्ये प्लेजबॉल नावाची एक संस्था चाहत्यांकडून छोटी-छोटी वचनं घेते, म्हणजे सामन्याला बसने जाईन, आठवड्यातून काही दिवस मांस खाणार नाही, आणि कोणत्या क्लबच्या चाहत्यांनी किती धूर वाचवला याचं गुणपत्रक लावते. लीगच्या गुणपत्रकासारखंच. शेजारच्या क्लबला मागे टाकायचं म्हणून लोक वचन देतात.

हे शेवटचं आपल्याकडे चालेल का? मला वाटतं, चालून झालं आहे. फक्त चेंडू नव्हता.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेला 2016 मध्ये राज्यातल्या तीन तालुक्यांपासून सुरुवात झाली, त्यातला एक अमरावती जिल्ह्यातला वरूड. गावागावांत चढाओढ: ऐन एप्रिल-मेमध्ये कोण जास्त चर खोदतं, कोणाचे बांध पक्के. 2017 मध्ये राज्यात पहिलं बक्षीस वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या छोट्याशा आदिवासी गावाने पटकावलं. पाणलोटाचं शास्त्र आपल्याकडे दशकानुदशकं सांगितलं जात होतं, सरकारी योजनाही होत्या. फावडं हातात घेऊन पहाटे पाचला टेकडीवर जायला गाव उठलं, त्यात "त्या गावाच्या पुढं जायचं" या ईर्ष्येचा मोठा वाटा होता. जगातल्या मोठमोठ्या क्लबांना जे जागवायचं आहे ते हेच.

फुटबॉलसाठी जमीनही तयार आहे. कामठीत तर पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल आहे. नागपूरचे विजय बारसे 2001 पासून झोपडपट्टीतल्या पोरांना या खेळातून उभं करत आले आहेत. 15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात व्हायच्या तोंडावर, राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवायचं 'मिशन वन मिलियन' केलं तेव्हा ज्या शाळेत कबड्डीशिवाय काही खेळलं जात नव्हतं तिथेही चेंडू पोचला. बहुतेक चेंडू आता कपाटात फुसके पडून असतील, पण खेळ गावाला ठाऊक झाला.

समजा, दिवाळीनंतर होणाऱ्या पंचक्रोशीच्या स्पर्धेत गोलांच्या गुणांसोबत गावाचे गुण ठेवले. कापूस संपल्यावर पऱ्हाट्या वावरातच पेटवून न देता कुट्टी करून खतात घातल्या, तर गुण. मैदानाच्या पश्चिमेला लावलेली कडुनिंबाची रोपं पुढच्या जूनमध्ये जिवंत असली, तर गुण. लावल्याचे गुण शून्य, जगल्याचेच मोजायचे. संघ एका गाडीतून आला तर गुण, आणि प्लॅस्टिकच्या पाणीपाउचचा खच पाडून गेला तर वजा. पंच शेजारच्या गावचे ठेवायचे, म्हणजे कोणी कोणाला सोडणार नाही. यात विदेशी काही नाही, फारसा खर्चही नाही. झाडं मात्र गोलपोस्टपासून जरा लांब लावा, नाहीतर मुळं मैदानात येतात आणि पाच वर्षांनी कोणीतरी कुऱ्हाड काढतं. रोपाचे पहिले दोन उन्हाळे निभावले की पुढचं ते बघून घेतं, आणि ते दोन उन्हाळे पाणी घालायला रोज मैदानावर येणाऱ्या पोरांइतकं सोयीचं कोण आहे?

एक पेच मात्र या सगळ्यात कोणी धरत नाही. ऊन वाढलं म्हणून आपण सराव पहाटे साडेपाचला नेतो. पोरं येतात. पोरी येत नाहीत, कारण नेमक्या त्याच वेळी नळ येतो, घरात चूल पेटायची असते आणि आई निंदायला किंवा मोहफुलं वेचायला निघालेली असते. म्हणजे पारा चढतो आणि संघातून पोरी कमी होतात. एका शाळेतल्या बाईंनी यावर साधा तोडगा काढला. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तर पहिला तास मैदानाचा आणि गणित त्यानंतर. मुख्याध्यापक म्हणाले, अभ्यासक्रम मागे पडेल. बाई म्हणाल्या, अकरा वाजता पत्र्याखाली मैदानाचा तास ठेवून तरी कोणता पुढे जाणार आहे? सध्या आठवड्यातून तीन दिवसांवर तडजोड झाली आहे.